आत्याची चॅनेलं

होळी होऊन दोन दिवस झाले होते. संध्याकाळी आत्याचा फोन आला. "बाये, माझी चॅनेलं गेली."

"कुठे गेली?" मी सवयीने विचारलं.

"सांगून गेली असती तर तुला कशाला फोन केला असता?"

आत्या दिवेआगरला राहते. वय अठ्ठ्याहत्तर. अप्पा, म्हणजे तिचे यजमान, २०२२ साली गेले. मुलगा मस्कतला. घर मोठं, पुढे अंगण, मागे समुद्राच्या दिशेने उतरत गेलेली नारळ-पोफळीची वाडी. आळीतली निम्मी घरं एक तर बंद आहेत, नाहीतर त्यांच्यावर 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी आहे. वाडीत काळोख लवकर होतो. सात वाजता बाहेरचं काही दिसेनासं होतं आणि साडेसातला तिची मालिका लागते. लागायची.

प्रत्येक घरात एक जण असतो, ज्याला 'यातलं कळतं' असं बाकीच्यांनी परस्पर ठरवलेलं असतं. आमच्या घरात ती मी. मी पुण्यात एका कंपनीत पगारपत्रकं बघते. डिश, राउटर, सेट टॉप बॉक्स यांच्याशी माझा काडीचा संबंध नाही. पण एकदा काकूचे गेलेले फोटो परत आणून दिले आणि तेव्हापासून माझी नेमणूक कायम झाली. तुमच्यापैकी काही जण याच पदावर काम करत असतील, म्हणून पुढचं जरा सविस्तर सांगते.

पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो: बंद करून चालू करणे. बॉक्सची पिन काढ, दहा आकडे मोज, परत लाव. आत्याने रामरक्षा म्हणून मग लावली, म्हणजे दहापेक्षा बरेच झाले. फरक शून्य. दुसरा उपाय, रिचार्ज बघणे. तो मीच भरते आणि तो भरलेला होता. तिसरा उपाय, कंपनीला मेसेज पाठवून बॉक्स 'रिफ्रेश' करून घेणे. तोही केला.

मग मी तिला विचारलं, पडद्यावर काय लिहून येतंय? हा प्रश्न खरं तर पहिल्यांदाच विचारायला हवा होता. चॅनेल न दिसण्याचे मुख्यतः दोन प्रकार असतात. एकात बॉक्स म्हणतो, हे चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही. म्हणजे मामला पैशाचा. दुसऱ्यात तो म्हणतो, सिग्नल नाही. म्हणजे मामला आकाशाचा. आत्या सातवी शिकलेली आहे, इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचते. व्हिडिओ कॉलवर मला बराच वेळ घराचं आढं दिसत राहिलं आणि तिचा आवाज ऐकू येत राहिला. "एन. ओ. मग जागा सोडलीय. एस. आय. जी…"

सिग्नल नाही. पण मी ते मनावर घेतलं नाही, कारण निम्मी चॅनेलं व्यवस्थित दिसत होती. आकाशच गेलं असतं तर सगळीच गेली नसती का? मी पैशाच्याच बाजूला अडकून राहिले. त्याला कारण होतं. १ फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचे नवे नियम लागू झाले तेव्हा आमच्याकडे असाच गोंधळ झाला होता. शंभर चॅनेलांपर्यंत १३० रुपये आणि वर कर, एवढं नुसतं जोडणीचं भाडं. त्यात दूरदर्शनची चॅनेलं आणि फुकटची चॅनेलं. बाकी प्रत्येक चॅनेलची किंमत वेगळी, हवं ते निवडा. निवड ग्राहकाच्या हाती आली हे चांगलंच झालं, पण आत्यासारख्यांच्या घरात त्या दिवसांत रोज एखादं चॅनेल नाहीसं व्हायचं, आणि ते विकत घ्यायची वस्तू आहे हे तिला पटायचं नाही. "सह्याद्रीला कुठे पैसे मागतात?" असं ती तेव्हा म्हणाली होती.

तर मी पॅक तपासला, बदलला, दोन चॅनेलं वाढवली, परत बदलला. मार्च संपला.

एप्रिलमध्ये मी तिला न दिसणाऱ्या चॅनेलांचे नंबर लिहून ठेवायला सांगितले. तिने कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिले आणि फोनवर वाचून दाखवले. यादी बघून मी चक्रावले. त्यात तिची मराठी मालिका होती, एक गुजराती बातम्यांचं चॅनेल होतं, एक स्वयंपाकाचं, एक तेलुगू भक्तीचं. यांचा एकमेकांशी काय संबंध?

संबंध होता, आणि मला तो इंटरनेटवर दोन रात्री घालवून कळला. आपल्याला बॉक्सवर चॅनेलं भाषेप्रमाणे, विषयाप्रमाणे लावलेली दिसतात. पण उपग्रहावरून ती तशी येत नाहीत. ती मोळ्या बांधून येतात. उपग्रहावर ट्रान्सपॉन्डर असतात आणि एकेका ट्रान्सपॉन्डरवर बऱ्याच चॅनेलांची एक मोळी असते. मोळीत कोण कोणाच्या शेजारी बसेल याला भाषेचं बंधन नाही. सिग्नल कमजोर झाला की सगळ्या मोळ्या एकदम सुटत नाहीत, आधीच काठावर असलेली मोळी आधी जाते. शिवाय हे डिजिटल. जुन्या अँटेनाच्या काळात चित्र हळूहळू खराब व्हायचं, पडद्यावर मुंग्या यायच्या. मुंग्या वाढल्या की समजायचं, अँटेना हलला. आता मुंग्या नाहीत. एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख, आणि त्या मर्यादेखाली काळा पडदा. दुखणं आधी कळतच नाही.

म्हणजे मामला आकाशाचाच होता. मी कंपनीकडे तक्रार नोंदवली. माणूस पाठवतो म्हणाले. चार दिवसांनी आत्याला विचारलं, आला का कोणी? "नाही गो, कोणी फिरकलं नाही." इकडे माझ्या फोनवर तक्रार बंद झाल्याचा मेसेज. कारण लिहिलेलं: ग्राहकाने काम नाकारले. माझं डोकं फिरलं. परत तक्रार. परत तेच. तिसऱ्या वेळी मी एक लांबलचक ईमेल लिहिला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या नावावर खोटं लिहिताना लाज वाटत नाही का, वगैरे. लिहून बरं वाटलं. त्या माणसाला एकच तारा दिला, तोही शून्य देता येत नव्हता म्हणून.

त्याच भरात एकदा मी आत्यावरही वैतागले. ऑफिसात उशीर झाला होता आणि तिचा तिसरा फोन. म्हटलं, "आत्या, थोडे दिवस नाही दिसली मालिका तर काय होतंय?"

ती शांतपणे म्हणाली, "काही होत नाही. आमचा गणपती नऊ वर्षं नव्हता, तरी आम्ही देवळात जातच होतो."

दिवेआगरच्या माणसाने असं म्हटलं की पुढे बोलता येत नाही. १७ नोव्हेंबर १९९७ ला तिथल्या एका पोफळीच्या वाडीत खोदताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा गणेश मुखवटा निघाला. गावाचं नशीब बदललं, पर्यटक यायला लागले. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडा पडला. देवळाच्या दोन रखवालदारांना मारून मुखवटा नेला. सोनं सापडलं ते वितळवलेलं. त्यातून घडवलेला मुखवटा देवळात परत आला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधली नऊ वर्षं आत्या चतुर्थीला देवळात जात होती आणि फोटोला हात जोडून येत होती. तिच्या हिशेबात दोन महिन्यांची मालिका म्हणजे काहीच नव्हतं. तरी ती फोन करत होती, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोन दिवसांची रजा काढली आणि ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत बोर्लीमार्गे दिवेआगरला पोचले. आत्याने कोकम सरबत दिलं, मी ते संपवलं आणि आधी अंगणात गेले.

डिश अंगणाच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या ठोकळ्यावर, माझ्या कमरेच्या उंचीला बसवलेली होती. छपरावर नाही. हे मला आधीपासून माहीत होतं, पण कधी विचित्र वाटलं नव्हतं. मी फोनवर एक ॲप घेऊन आले होते. फोन आकाशाकडे धरला की कुठला उपग्रह कुठे आहे ते कॅमेऱ्यातल्या चित्रावर दिसतं. आपल्याकडच्या घरांवरच्या डिश एकाच बाजूला तोंड करून का असतात, याचंही उत्तर त्यात आहे. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी स्थिर वाटतात. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, आणि आपल्या कामाचे बरेचसे उपग्रह आपल्या पूर्वेकडच्या रेखांशांवर. म्हणून कोकणातल्या डिशने आग्नेयेकडे आणि बऱ्यापैकी वर बघायचं असतं.

मी डिशमागे उकिडवी बसले आणि फोन तिच्या नजरेच्या रेषेत धरला. पडद्यावर उपग्रहाची खूण आली. ती खूण आकाशात नव्हती. ती एका माडाच्या झावळीवर होती.

लहानसा माड. खोड जेमतेम माझ्या खांद्याइतकं, पण झावळ्या चांगल्या लांब, हिरव्यागार, चारी बाजूंना पसरलेल्या. दुपारचा खारा वारा सुटला होता. झावळी हलली की खूण मोकळी व्हायची, परत आली की झाकायची. मी आत जाऊन बॉक्सवर सिग्नलचा पडदा लावला. क्वालिटीचा पट्टा झावळीबरोबर खालीवर होत होता. दोन महिने मी पुण्यात बसून ज्याचा शोध घेत होते ते कारण अंगणात उभं राहून डुलत होतं.

"आत्या, सापडलं!" मी ओरडले. "माड आडवा येतोय. ही एक झावळी तोडली की झालं."

आत्या पडवीत झोपाळ्यावर बसून होती. उठलीसुद्धा नाही. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बोर्लीचा मुलगा आला होता ना. दोनदा आला. त्यानेच सांगितलं. म्हणाला, मावशी, झाड काढा नाहीतर डिश छपरावर चढवू. मी म्हटलं, दोन्ही नको, तू जा."

मला माझा ईमेल आठवला. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. मग तो एक तारा आठवला.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी काय म्हणाले असते ते मी नुकतंच म्हणून झाले होते.

त्या दिवशी उरलेली दुपार आम्ही झोपाळ्यावर काढली. तिने मला ३ जून २०२० ची गोष्ट परत सांगितली. मी ती ऐकलेली होती, पण त्यात डिश आहे हे माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातच किनाऱ्याला लागलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. तेव्हा डिश छपरावर होती, आढ्याला लोखंडी पाइप ठोकून बसवलेली. डिश म्हणजे शेवटी उताणी धरलेली छत्रीच. वाऱ्याने ती धरली, पाइपासकट उपटली, पाइपाबरोबर रिपा गेल्या आणि रिपांबरोबर कौलं. भोक पडलं ते नेमकं अप्पांच्या खाटेच्या वर. अप्पांचं कमरेचं हाड मोडलेलं, उठता येत नव्हतं. त्र्याहत्तर वर्षांच्या आत्याने खाट त्यांच्यासकट ओढत माजघरात नेली. बाहेर पोफळी काडीसारख्या मोडत होत्या. वीज गेली, फोन गेले. पुण्यात आम्ही टाळेबंदीत, हातात बंद लागणारा नंबर. पाचव्या दिवशी कोणाकडून तरी निरोप आला की दोघं आहेत.

पाऊस सरल्यावर नवी डिश घ्यायची वेळ आली तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "माझ्या छपरावर आता काही चढणार नाही." म्हणून ती अंगणात आली, कमरेच्या उंचीला. बसवणारा मुलगा मीटर बघून म्हणाला होता, मावशी, असला सिग्नल मी गावात कुठे बघितला नाही. असणारच. आग्नेयेला एक झाड उरलं नव्हतं.

आणि त्याच पावसाळ्यात आत्याने माड लावला. अकरातले तीन माड उरले होते. वाडीत शिरायला वाट नव्हती, सगळीकडे आडवी पडलेली खोडं. मोकळी माती होती ती अंगणाच्या कडेलाच. बाणवलीचं रोप, धरायला सहा-सात वर्षं घेणारं. अप्पा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "कोण खाणार आहे त्याचे नारळ? आपण असणार आहोत का?" आत्या म्हणाली, "आपण नसलो तर माड काय रडत बसणार आहे?" आणि खड्डा बुजवला.

एकाच वादळामुळे डिश खाली आली आणि एकाच वादळामुळे माड लागला. पाच वर्षांनी दोघं एकमेकांच्या आड आले. छपरावर डिश चढवायची तर अप्पांचा शब्द मोडायचा. माड तोडायचा तर तिचा स्वतःचा. मी तिला पॅक बदलून देत होते.

"एक झावळी तोडून काही होत नाही," ती मला समजावत म्हणाली, मी लहान असताना समजवायची तशी. "महिन्याला नवी झावळी येते. आज ही तोडशील, दिवाळीला दुसरी. आणि पोय येते ती झावळीच्या बेचक्यात. झावळी गेली की पोय गेली, पोय गेली की नारळ गेले. दोन वर्षं राहिलीत धरायला."

"आणि तोवर मालिका?"

"वन्सं सांगतात ना. रोज सकाळी श्रीवर्धनहून फोन करतात, काल काय झालं ते सांगतात. बघण्यापेक्षा ते बरं असतं. त्या आपल्या मनाचं घालतात." मग थोडं थांबून म्हणाली, "पण रोज दुसऱ्याकडून ऐकायचं म्हणजे…"

वाक्य तिने पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोर्लीचा मुलगा आला. वयाने माझ्याहून लहान. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, ईमेल आम्हाला वाचून दाखवला होता," आणि बॅग उघडून कामाला लागला. आम्ही दोघं फोन आकाशाकडे धरून अंगणभर फिरलो. विहिरीजवळून घर आडवं, तुळशीजवळून परत माडच. शेवटी ईशान्येच्या कोपऱ्यात, गडग्याच्या आतल्या बाजूला जागा सापडली. तिथून रेषा माडाच्या डावीकडून मोकळी जात होती. जांभ्याच्या गडग्यात बोल्ट धरत नाहीत, दगड भुसभुशीत, म्हणून खाली नवा ठोकळा ओतला आणि सिमेंट धरेपर्यंत संध्याकाळ झाली. वीस मीटर जादा केबल लागली, ती पाइपात घालून मातीखालून नेली. जुन्या जोडाचं टोपण काढलं तर आत हिरवा गंज. खारी हवा तांब्याला सोडत नाही. माडाचं एकट्याचं चुकत नव्हतं तर. जोड नवा केला, वर रबर चढवलं.

मग डिश फिरवायचं काम. मुलगा डिशपाशी, मी पडवीच्या पायरीवर, आत्या आत टीव्हीसमोर.

"आलं!" आत्या ओरडली. मी बाहेर ओरडले, आलं. "गेलं!" गेलं. "आलं, आलं! थांबव त्याला!"

मी सात-आठ वर्षांची असताना याच पायरीवर उभी राहून हेच करायची. तेव्हा अप्पा वर चढलेले असायचे, अँटेना पोफळीला बांधलेला असायचा, आणि आतून मुंग्या गेल्याची बातमी आत्याच द्यायची. ती बातमी वर पोचवताना मी एकदा मुद्दाम उलटी सांगितली होती आणि अप्पा अर्धा तास वर राहिले होते.

साडेसातला मालिका लागली. आत्याने पाच मिनिटं बघितली आणि म्हणाली, "वन्संनी सांगितलं त्यात ही बाई एवढी वाईट नव्हती."

जाताना मी त्या मुलाचा तारा बदलला, कंपनीला नवा ईमेल लिहिला. तो छोटा होता. लांबलचक माफी लिहिता येत नाही, असं दिसतं. नव्या डिशच्या समोर गडग्यालगत आत्याने गेल्या वर्षी पोफळीची चार रोपं लावली आहेत, हे मला निघताना दिसलं. मी मनात अंतर मोजलं, उंची मोजली. काही बोलले नाही.

२०२५ साली मॉन्सून २६ मेलाच मुंबईत पोचला. पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो आला नव्हता. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पावणेआठला आत्याचा फोन. मागे पन्हळीचा आवाज एवढा की ती काय म्हणते ते नीट ऐकू येईना.

"चॅनेलं गेली का?" मी विचारलं. लॅपटॉप बाजूला ठेवला. डोक्यात जोड, केबल, ठोकळा सगळं फिरून गेलं.

"गेली ना. सगळी गेली. मोळीबिळी काही नाही, सगळीच."

"मग बॉक्सची पिन…"

"अगो, काही करायचं नाहीये तुला. पाऊस आहे. ढगातून येत नाही, थांबला की येईल." आणि मग, मला कळायला जड जाईल असं वाटून, सावकाश म्हणाली, "मी आपला सहज फोन केला. तू जेवलीस का?"